डोंगरसाळीच्या बरणीसमोरचे नाव

१

साक्षीदाराला प्रश्न विचारता येतात, लिहिलेल्या अक्षराला ते विचारता येत नाहीत. साक्षीदार अडखळतो, त्याची नजर खाली जाते, आणि ऐकणाऱ्याला काहीतरी उमगते. अक्षर मात्र स्थिर मुद्रेने जे सांगायचे ते सांगून गप्प राहते. म्हणून अक्षराच्या भरवशावर कोणाला दोषी ठरवण्यापूर्वी ते अक्षर तिथे कोणत्या वाटेने आले हे पाहणे, हे दोष देणाऱ्याचे कर्तव्य होय. या कर्तव्यात आम्ही उणे पडता पडता वाचलो. ज्यांच्यामुळे वाचलो, त्यांचे ऋण मान्य करण्यासाठी ही हकीकत लिहीत आहे.

कोसबाडच्या टेकडीच्या पायथ्याशी आमच्या लहानशा न्यासाचे बियाण्यांचे भांडार आहे. डहाणू आणि तलासरीच्या पाड्यांवरची जुनी भातबियाणी, नाचणी, वरई असे तेथे बरण्यांत राखलेले असते. जो शेतकरी बी देतो, त्याचे नाव बरणीवर राहते. २०१७ सालच्या जूनच्या आरंभी जव्हारकडचे काही शेतकरी डोंगरसाळ या भाताचे बी पाहण्यास आले. उतारावर पिकणारे हे तांबूस भात आता क्वचितच कोणाकडे उरले आहे. फडताळ उघडले, तर डोंगरसाळीची जागा रिकामी.

न्यासाचे चिटणीस जीवनराव त्याआधीच्याच हिवाळ्यात रुजू झालेले. कृषिपदवीधर, कामाला कडक, स्वभावाने सरळ. त्यांनी तत्काळ संगणकावरची नोंद काढली. बरणी आठवडाभरापूर्वी बाहेर गेली होती आणि ‘नेणारी व्यक्ती’ या रकान्यात एकच नाव होते. दक्षा. भांडारात संगणकाचे काम पाहणारी, वेवजीची, चोविशीची मुलगी.

जीवनरावांचा फोन आला, तेव्हा मी डहाणूला घरी होतो. न्यासाचा सर्वांत वयस्क विश्वस्त म्हणून असले अवघड प्रसंग माझ्याकडे येतात.

“गुरुजी, उद्या दुपारी समितीची बैठक लावली आहे. मुलीला कामावरून काढावं लागेल, आणि पोलिसांत तक्रारही द्यावी लागेल. मागच्या महिन्यात एका बियाणे कंपनीचा माणूस येऊन याच बियाची चौकशी करून गेला होता. तो सीमेपलीकडून, गुजरातेतल्या उंबरगावहून आला होता. हिचं गाव सीमेवरच.”

“सीमेवर पुष्कळ गावे आहेत, जीवनराव.”

“पण नोंदीत नाव एकीचंच आहे.”

“बैठकीपर्यंत थांबा,” एवढेच मी म्हणालो. ते थांबले. त्यांच्या त्या थांबण्याबद्दल आज मी त्यांचा कृतज्ञ आहे.

२

दक्षा भांडाराच्या ओसरीवर बसली होती. रडून झाले असावे, कारण आवाज अगदी कोरडा होता.

“बाळ, तू बरणी नेलीस का?”

“नाही, गुरुजी.”

“कोणाला दिलीस?”

“नाही. फडताळाची किल्ली माझ्याकडे नसतेच. मी फक्त टाइप करते. ते जीवनसरांना पण ठाऊक आहे, पण ते म्हणतात, किल्ली मिळवायला काय लागतं.”

“मग नोंद तूच केलीस?”

“नाही.”

“संगणक तुझ्याच नावाने उघडतो, असे मला सांगितले आहे.”

“हो. लॉगिन माझंच आहे. सकाळी उघडते, संध्याकाळी बंद करते.”

“मधल्या वेळात तिथे कोणी बसते का?”

ती माझ्याकडे पाहीनाशी झाली. समोरच्या चिकूच्या झाडाकडे पाहत म्हणाली, “गुरुजी, मी चोरी केली नाही, हे मी शंभर वेळा सांगेन. पण दुसऱ्या कोणाचं नाव माझ्या तोंडून काढायला सांगू नका. माझं जे व्हायचं ते होऊ दे.”

“तुझे काय होईल, हे तुला कळते आहे ना?”

“कळतंय ने. पोलीस घरी आले, तर बा पुन्हा मला कामाला पाठवणार नाही. धाकलीचं कॉलेज पण बंद होईल. म्हणेल, एकीला शिकवलं ते बस झालं.” तिने पदर नसलेल्या खांद्यावरून उगीच हात फिरवला. “तरी पण नाही सांगणार.”

अपराधी माणूस दुसऱ्याचे नाव सांगण्यास उतावीळ असतो. ही मुलगी कोणाला तरी पाठीशी घालीत होती. प्रश्न एवढाच होता की, ज्याला ती झाकत होती, तो चोर होता की काय?

३

भांडाराचा राखणदार सुदाम बाहेर रोपांच्या पिशव्यांना पाणी घालीत होता. बोलका माणूस. त्याला प्रश्न विचारावा लागत नाही, केवळ समोर उभे राहावे लागते.

“गुरुजी, माझ्यावर संशय असेल तं आधीच सांगा. मी डोंगरसाळ चोरणार नाही. शिजायला किती वेळ लागतो तिला! बायको मला चुलीत घालील.”

“फडताळाच्या किल्ल्या कोणाकडे असतात?”

“एक माझ्याकडं, एक पुष्पाबाईकडं. ती आता सुट्टीवर हाये. पेरणीला दर वर्षी जाते घरी, कासाच्या पलीकडं, डोंगरात. तिथं फोन लागत नाही, आन् लागला तरी ती उचलत नाही.”

पुष्पाबाई भांडाराची जुनी सेविका. बरण्या उन्हात घालणे, पाखडणे, कडुनिंबाचा पाला बदलणे ही तिची कामे.

“तिला संगणक येतो का?”

सुदाम हसला. “येतो म्हणजे! दक्षानं शिकवलाय. दक्षा जेवायला गेली का ही बसते बोटानं ठोकत. कधी कधी भांडते पण त्याच्याशी. ते लाल होतं ना, तवा. म्हणते, ‘मेल्या, माझ्यावर डोळे काय वटारतो, खरंच तं सांगते तुला!’” मग त्याची जीभ अडखळली. “हे जीवनसाहेबांना सांगू नका हां. त्यांनी बजावलंय, दक्षाशिवाय कोणी हात लावायचा नाही.”

दक्षाच्या मौनाचा अर्थ आता लागला. पुष्पाबाईकडे किल्ली होती, आणि ती संगणकावर बसत होती. तिचे नाव उच्चारताच सर्व संशय एका क्षणात तिच्या दाराशी जाऊन उभा राहिला असता.

संध्याकाळी तुषार आला. हा डहाणूतला तरुण. त्यानेच दोन वर्षांपूर्वी भांडाराचा डेटाबेस विनामूल्य तयार करून दिला होता. जीवनराव माझ्या कानाशी म्हणाले, “यालाही वगळू नका. नोंद बदलायची झाली, तर हा घरी बसून बदलू शकतो.”

तुषारने ते ऐकले असावे. तो म्हणाला, “सर, बदलू शकतो, खरं आहे. म्हणून तर विचारा मला काय विचारायचं ते.”

“मला एकच गोष्ट हवी,” मी म्हणालो. “नेणारी व्यक्ती म्हणून दक्षाचे नाव जिथे जिथे आले असेल, त्या सर्व नोंदी दाखव. केवळ या वर्षीची नको.”

त्याने काही अक्षरे टंकली. पडद्यावर दोनच ओळी उमटल्या. पहिली या वर्षीची. दुसरी मागच्या वर्षीची, मेअखेरची. तीही डोंगरसाळीचीच बरणी, तीही दक्षाच्याच नावाने. आणि त्याच ओळीच्या शेवटी लिहिले होते की, दिवाळीनंतर बरणी परत आली, नव्या बियाने भरून.

जीवनराव पुढे वाकून पाहू लागले. पेरणीच्या आधी नेतो आणि सुगीनंतर भरून परत आणतो, असा चोर त्यांनीही कधी ऐकला नव्हता.

४

“मागच्या वर्षीच्या या तारखेला तू कुठे होतीस?” मी दक्षाला आत बोलावून विचारले.

तिने तारीख पाहिली आणि प्रथमच तिच्या चेहऱ्यावर रंग आला. “पालघरला! माझी परीक्षा होती. हॉलतिकीट आहे घरी. सकाळी इथे येऊन कॉम्प्युटर चालू केला, आणि तशीच स्टेशनवर पळाले.”

“तर मग त्या दिवशी तुझे नाव तू लिहिले नाहीस.”

“दुसऱ्या कोणी मुद्दाम लिहिलं असेल,” जीवनराव म्हणाले. परंतु आवाजातली धार कमी झाली होती.

मी तुषारकडे वळलो. “समज, कोणी तो रकाना रिकामा ठेवून पुढे गेले. मग काय होते?”

तुषारचा हात कळफलकावरच थांबला. “अरे देवा,” तो म्हणाला.

“सावकाश सांग. मला यातले काही कळत नाही.”

“गुरुजी, प्रत्येक रकान्यात कोणत्या जातीची माहिती बसेल, हे आधी ठरवावं लागतं. इथे तारीख, इथे आकडा, इथे अक्षरं. हे ठरलेले प्रकार असतात. पण आपल्याला हवा तसा नवा प्रकारही बनवता येतो. सुरुवातीला लोक नावाच्या जागी काहीही लिहायचे. ‘भाऊ’, ‘तोच’, ‘मागचाच माणूस’. म्हणून मी नावासाठी वेगळा डेटा टाइप बनवला. सभासद आणि कर्मचारी यांच्यापैकी कोणाचं तरी नाव असेल तरच तो घेतो. दुसरं काहीही लिहिलं, तर लाल होतो आणि नाकारतो.”

“आणि रिकामे ठेवले तर?”

“रिकामं राहू नये म्हणून डिफॉल्ट व्हॅल्यू दिली.” तो खाली पाहू लागला. “काही लिहिलं नाही, तर ज्याचं लॉगिन असेल त्याचं नाव आपोआप बसतं. मला वाटलं, बहुतेक वेळा तोच माणूस असणार.”

मी आयुष्यभर संस्कृत व्याकरण शिकवले; आमच्या त्या शास्त्रात उत्सर्ग आणि अपवाद असे दोन शब्द आहेत. उत्सर्ग म्हणजे सर्वसाधारण नियम. विशेष काही सांगितलेले नसेल, तिथे तो आपण होऊन लागू होतो. तुषारने जे केले ते उत्सर्गच होते, आणि शास्त्रदृष्ट्या त्यात दोष नव्हता. परंतु उत्सर्गाने लागलेली गोष्ट कोणी बोललेली नसते. आम्ही मात्र ती कोणाची तरी साक्ष समजून बसलो होतो.

“म्हणजे दक्षाचं नाव कोणीच लिहिलेलं नाही,” जीवनराव हळूच म्हणाले.

दक्षा भिंतीला टेकून उभी होती. तिने डोळे मिटले.

“परंतु बरणी तर गेलीच आहे,” मी म्हणालो. “आणि बैठकीत पहिला प्रश्न तोच येईल. ती सापडली नाही, तर यंत्राची ही गोष्ट समितीला केवळ सबब वाटेल. तुषार, रकाना रिकामा ठेवण्यापूर्वी त्या माणसाने काही लिहून पाहिले होते का, हे कळेल?”

“नाकारलेल्या गोष्टींची वेगळी नोंद राहते. बघतो.” त्याने पाहिले आणि पडदा माझ्याकडे वळवला. दोन्ही वर्षी, त्या ओळीच्या अगदी आधी, कोणीतरी रकान्यात तेच शब्द लिहिले होते आणि यंत्राने ते परत केले होते: ‘आमचे मोठे’.

मी सुदामला हाक मारली. “डोंगरसाळीचे बी मुळात कोणाच्या घरचे?”

“बरणीवर होतं की नाव. लडक्याचं. पुष्पाबाईच्या घरचंच ते.”

“आणि लडक्या तिचा कोण?”

“तिच्या नवऱ्याचा मोठा भाऊ.”

इतके ऐकल्यावर माझ्या मनात उत्तर जवळजवळ उभे राहिले. तरीही दुसऱ्याच्या घराविषयीचा तर्क त्या घराच्या अंगणातच तपासावा.

५

सकाळी कासाहून सुदाम आणि मी एका जीपमध्ये बसलो. जीप माणसांनी आणि खताच्या गोण्यांनी भरलेली होती. शेवटचा चढ पायी चढावा लागला. माझा वेग पाहून सुदाम म्हणाला, “गुरुजी, असेच गेलो तं पीक कापायलाच पोचू.”

पुष्पाबाईचे घर उतारावर होते. अंगणात ती आणि तिची मोठी जाऊ सुकी सुपात नाचणी निवडत होत्या. आम्हांला पाहताच पुष्पाबाई उठून उभी राहिली.

“गुरुजी! तुम्ही इतक्या दूर? भांडारात काय झालं?”

“डोंगरसाळीची बरणी कुठे आहे, एवढे विचारायला आलो.”

“इथंच आहे की!” ती इतक्या सहजपणे म्हणाली की, सुदामने कपाळाला हात लावला. “उतारावर पेरली. आपल्याकडं कोरड्या मातीतच पेरतात ती. थोडी उरलीय, टोपलीत आहे. सुगी झाली की नवं बी भरून देणार. जुन्या साहेबांनीच सांगितलं होतं. बी नुसतं बरणीत ठेवलं तं मरतं, ज्याचं त्यानं दर वर्षी पेरून ताजं करून द्यावं.”

“बरणी नेली कोणी?”

“घरच्यांनी.”

“घरातल्या कोणी?”

पुष्पाबाईने ओठांवर पदर धरला आणि सुकीकडे पाहिले. “ती सांगेल.”

सुकीने मान झटकली. “मी कशी सांगू? तूच सांग. तुझे तं दीर आहेत.”

“आन् तुझा नवरा आहे!”

“म्हणून तं मी सांगत नाही. तू सांग.”

“मोठ्या दिराचं नाव घेऊ मी? सासू वरून काठी फेकील.”

दोघी हसू लागल्या. एकीला पतीचे नाव घेता येईना, दुसरीला थोरल्या दिराचे. एकाच माणसाविषयी दोघींच्या जिभेला सारखाच संकोच. शेवटी सुदाम ओरडला, “अहो बायांनो, लडक्याच ना!”

“तोच, तोच!” दोघी एकदम म्हणाल्या, आणि सुटल्यासारख्या पुन्हा हसल्या.

मी विचारले, “आणि संगणकात?”

पुष्पाबाईचे हसू थांबले. “तिथं पण तेच. बोलायचं नाही ते बोटानं तरी कसं लिहायचं? मी ‘आमचे मोठे’ असं लिहिलं. ते लाल झालं. परत लिहिलं, परत लाल. मग सोडून दिलं तशीच जागा. तर घेतलं त्यानं गप.” तिने माझ्या चेहऱ्याकडे पाहिले. “काही चुकलं का, गुरुजी?”

मी तिला दक्षाविषयी सांगितले. नोंदीत तिचे नाव कसे बसले, दुपारी बैठक कशासाठी आहे, आणि विचारूनही ती पुष्पाबाईचे नाव का घेत नाही. ऐकता ऐकता ती मटकन पायरीवर बसली.

“माझ्यासाठी गप्प राहिली पोर?” ती म्हणाली. “आन् मी इथं नाचणी निवडत बसले!”

ती उठली आणि उताराच्या दिशेने तोंड करून मोठ्याने हाक मारली. त्या हाकेतही नाव नव्हते. केवळ “ओ, इकडं या, लवकर!” असे शब्द होते, परंतु खालच्या वावरातून लडक्या तत्काळ वर येऊ लागला.

६

बैठक सुरू होण्यापूर्वी आम्ही पोहोचलो. पुष्पाबाई, लडक्या, आणि लडक्याच्या डोक्यावर उरलेल्या डोंगरसाळीची टोपली. जीवनराव दारातच उभे होते. टोपलीतले तांबूस दाणे त्यांनी ओंजळीत घेतले, पाहिले, आणि परत टोपलीत सोडले.

समितीसमोर लडक्या म्हणाला, “मी नेली. माझंच बी हाये. पेरलं. पाणी पडलं की उगवेल.” त्याहून अधिक बोलण्याची त्याला आवश्यकता वाटली नाही, आणि आम्हांलाही नाही.

पुष्पाबाई दक्षाजवळ गेली होती. “वेडी गं तू! सांगून टाकायचं. मी आले असते, मी सांगितलं असतं समद्यांना.”

“तुम्ही नाव सांगितलं असतं?” दक्षा म्हणाली. “पुष्पाबेन, मरेपर्यंत नसतं सांगितलं.”

“ते पण खरं,” पुष्पाबाई म्हणाली, आणि समितीतली गंभीर माणसेही हसली.

जीवनराव उठून उभे राहिले. ते फार बोलणारे नाहीत. “दक्षा,” ते म्हणाले, “मी लिहिलेलं वाचलं. कसं लिहिलं गेलं ते विचारलं नाही. माझी चूक झाली. पुष्पाताई, कॉम्प्युटरला हात लावू नये, हा माझा नियमही चुकला. तुमचं वेगळं लॉगिन आजच करू.” त्यांनी दोघींना हात जोडले. तरुण वयातल्या अधिकाऱ्याने सर्वांदेखत असे हात जोडलेले मी फार वेळा पाहिलेले नाहीत.

तुषार आधीच संगणकाशी बसला होता. त्याने नेणाऱ्याच्या नावाचा उत्सर्ग काढून टाकला. आता रकाना रिकामा राहिला, तर तो रिकामाच दिसेल, आणि कोणीतरी विचारील. मग त्याने नावाचा प्रकारही थोडा सैल केला. नाव घेता येत नसेल, तर नाते लिहावे: अमकीचे थोरले दीर, अमकीचे सासरे. यंत्र ते स्वीकारील, आणि खरे नाव दुसरे कोणी नंतर भरील.

“आणि नोंद कोणी केली, त्याचा वेगळा रकाना,” तुषार म्हणाला. “तिथे मात्र लॉगिनचं नाव आपोआप यावं. ते तिथेच शोभतं.”

दक्षा खुर्चीवर बसली. लडक्या तिच्या मागे उभा राहिला आणि आपले पूर्ण नाव, वडिलांच्या नावासह, एकेक शब्द सांगू लागला. ती लिहीत गेली. पडदा लाल झाला नाही. शेवटचे बटण दाबल्यावर डोंगरसाळीची ओळ पुन्हा उमटली. नेणारा, लडक्या. कारण, पेरणी. आणि नव्या रकान्यात, कोणीही न लिहिता, नोंद करणारी, दक्षा.

तिने ती ओळ पुन्हा एकदा वाचली. मग तिने फोन काढला आणि वडिलांना लावला. “बा,” ती म्हणाली, “काही नाही. मी संध्याकाळी नेहमीच्याच गाडीला येते. धाकलीला सांग, फॉर्म भर.”

मी बाहेर ओसरीवर आलो. ज्या मुलीने स्वतःवर आळ घेऊन दुसरीला झाकले, ज्या बाईने यंत्रासमोरही घरच्या वडीलधाऱ्यांचा मान मोडला नाही, ज्या तरुणाने आपल्या कामातला दोष क्षणात ओळखून सुधारला, आणि ज्या अधिकाऱ्याने एक दिवस थांबण्याचे धैर्य दाखवले, त्या सर्वांचे मी मनोमन आभार मानले. त्यांच्यामुळे एक अन्याय होता होता टळला आणि मला म्हातारपणी एक नवी गोष्ट शिकता आली.

त्या उतारावर पेरलेले प्रत्येक बी उगवो. लडक्याच्या घरी धान्य पुरून उरो. पुष्पाबाईच्या आणि सुकीच्या हसण्याला कधी खंड न पडो. दक्षा आणि तिची धाकटी बहीण, दोघींचा विद्यामार्ग निर्विघ्न राहो. सर्वांचे कल्याण असो.